शिक्षकाने स्वतः पाहिले

आपा, उद्या मला ठाण्याला जाऊन खोटं बोलायचं आहे. तेही माईकवर. कोपरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, दीनियात शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांसमोर उभं राहून मी सांगायचं आहे की प्रकल्पावरून मुलांची परीक्षा कशी घ्यायची, आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीची मी ती कशी घेतली. आमच्या हेड मॅडम म्हणाल्या, थोडंच बोला, साध्या भाषेत बोला, घाबरू नका. मी सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरे कागद घेऊन बसले आहे. रविवार आहे, मटण शिजून गार झालं, मुलगा दोनदा येऊन झाकण उघडून बघून गेला, आणि कागदावर एक ओळ नाही. शेवटी म्हटलं, भाषण सुचत नाही तर तुम्हाला लिहू. तुम्हाला मराठीत लिहायला लाज वाटत नाही. कुराण तुम्ही अरबीत शिकवलंत, पण ओरडलात कायम मराठीतच.

तुम्ही गेलात तेव्हा माझी थोरली रांगत होती. आता तिचा मुलगा रांगतोय. मधल्या काळात मी तुमच्याच धंद्याला लागले. कल्याणच्या एका ट्रस्टची शाळा आहे इथे आंबिवलीत, इंग्लिश मीडियम, तिथे मुलींना दीनियात शिकवते. म्हणजे नमाज, रोजा, कुराणाचं वाचन आणि माणसासारखं वागणं, सगळं एका तासात कोंबून. मुली मलाही आपाच म्हणतात. सुरुवातीला कुणी हाक मारली की मी मागे वळून बघायचे, तुम्ही आलात की काय.

दूधनाक्याच्या गल्लीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात मला अजून डोळे मिटून फिरता येईल. दुपारची नमाज झाली की आम्ही पोरी जिन्याखाली चपला काढून वर यायचो. तुम्ही स्टोव्हकडे तोंड करून बसलेल्या, पाठ आमच्याकडे. परातीत तांदळाची उकड, शेजारी पोळपाट. आम्ही एकेक जण तुमच्या पाठीमागे बसून सबक म्हणतो, म्हणजे आदल्या दिवशी दिलेला कुराणाचा तेवढा तुकडा, आणि तुम्ही भाकरी लाटत लाटत ऐकता. चुकलं की लाटणं पोळपाटावर वाजतं. टक्. कुठे चुकलं ते तुम्ही कधीच सांगत नाही. परत वरपासून म्हणायचं आणि आपली चूक आपणच शोधायची. कधीकधी एकाच जागी इतक्यांदा टक् होतं की मला रडू फुटतं, तरी तुम्ही वळून बघत नाही. मी एकदा विचारलंच, आपा, तुम्ही आमच्याकडे बघत का नाही? ‘बघितलं की तुझं तोंड बघून दया येते गो,’ तुम्ही म्हणालात, ‘कानाला दया येत नाही.’ मग भाकरी तव्यावर टाकलीत आणि म्हणालात, चल, परत.

त्या भाकऱ्यांतल्या काही तुम्ही वेगळ्या काढायचात. निळ्या काठाच्या फडक्यात गुंडाळून खिडकीतल्या कोनाड्यात ठेवायचात. तिसऱ्या प्रहरी असरची बांग व्हायच्या आत ते फडकं तिथून गेलेलं असायचं, आणि दुसऱ्या दिवशी धुतलेलं, दोरीवर. कुणाकडे जातं, काही पत्ता नाही. तुमच्याकडे काही उतू जात होतं अशातला भाग नव्हता. तुमचे मालक, आमचे चाचा, रेतीबंदरावर मजुरीला आणि घरात खाणारी तोंडं ढीगभर. त्या फडक्याने मला वेड लावलं. एक दिवस सगळ्या पोरी गेल्या तरी मी जिन्यात चपलेचा पट्टा लावत बसले. लावतेय, काढतेय, परत लावतेय. तुम्ही फडकं घेऊन बाहेर आलात आणि मला बघितलंत. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. पण तुम्ही तिथेच पायरीवर बसलात, फडकं मांडीवर, आणि तुमचा चेहरा असा काही पडला की त्यापेक्षा धपाटा परवडला असता. ‘पाहिलंस?’ तुम्ही म्हणालात. ‘तू पाहिलंस की गेलं माझं. हे माझं आणि अल्लाहचं होतं, आता तुझं झालं. तू आईला सांगणार, आई शेजारी सांगणार, लोक मला चांगली म्हणणार. मग वर जाऊन मी काय मागू?’ मी घाबरून म्हटलं, आपा, मी काही नाही पाहिलं, मला माहीतच नाही कुणाला देता. तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, ‘मग चपलेत पाय घाल आणि नीघ.’ मी जी पळाले ती घरी येऊन थांबले. कुणाला देत होतात ते मला आजतागायत माहीत नाही. तुमच्या मयतीला सगळा दूधनाका लोटला होता, त्यात ते कुणीतरी असणारच, पण मी शोधलं नाही.

मग तुमची मनगटं गेली. लाटणं धरवेना. मी लग्न होऊन आंबिवलीला आले होते, भेटायला आले की तुम्ही बोटं चोळत बसलेल्या. एका ईदला मी सलाम करायला वाकले तर तुम्ही ईदी म्हणून हातात लाटणं ठेवलंत. मला हसूच आलं. म्हटलं, आपा, माझ्याकडे आहे की लाटणं, सासूने दिलंय, चांगलं जड. ‘ते भाकरीचं असेल. हे ऐकायचं आहे,’ तुम्ही म्हणालात. ‘आता तू ऐक.’ त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं नोकरी करतेय. शाळेत लाटणं नेता येत नाही, लोक म्हणतील आपा घरून भांडून आल्या, म्हणून डस्टर टेबलावर आपटते. पण उभी राहते फळ्याकडे तोंड करून, पाठ मुलींकडे, आणि ऐकते. खरं सांगते, मला एवढंच येतं.

आणि आता वरून ठरलं की प्रत्येक विषयात निम्मे मार्क प्रकल्पाचे. गणितात, भूगोलात आणि दीनियातमध्येसुद्धा. आमच्या ट्रस्टचा जुना नियम आहे, दीनियातमध्ये नापास झालेली मुलगी वरच्या वर्गात जात नाही. त्यामुळे हे काही गंमत म्हणून करून भागणार नव्हतं. आम्हाला ट्रेनिंगला बोलावलं, याच कोपरीच्या हॉलमध्ये. पुढे एक तरुण पोरगा, पडद्यावर चौकटीच चौकटी. प्रकल्पाला गुण कसे द्यायचे त्याचा तक्ता. समजेला एवढे, सहभागाला एवढे, मांडणीला एवढे, आणि शेवटचा रकाना पुराव्याचा. फोटो चालेल, व्हिडिओ चालेल, ज्याला मदत केली त्याची सही चालेल, आणि यातलं काहीच नसेल तर ‘शिक्षकाने स्वतः पाहिले’ यावर खूण करायची. माझ्या शेजारी मुंब्र्याचे एक मौलाना बसले होते, दाढी पांढरीशुभ्र, समोर चार्ट पेपर आणि स्केचपेनं, आणि चेहरा रुसलेल्या जावयासारखा. शेवटी त्यांनी हात वर केला. ‘बेटा, माझ्याकडे मुलगा येतो, म्हणतो, मी ऐकतो. चुकला की थांबवतो. यात प्रकल्प कुठे घालू?’ पोरगा शहाणा, हसला नाही. म्हणाला, ‘सर, त्याने म्हटलं, तुम्ही ऐकलं, बरोबर. पण जे म्हटलं तसं तो वागतो का, हे तुम्हाला कसं कळणार? ते करून दाखवलं पाहिजे ना.’

मौलानांनी हात खाली घेतला. पोरगा बरोबर बोलला होता. किती मुलींचं लोण्यासारखं वाचन ऐकलं मी. त्याच मुली मधल्या सुट्टीत, जिने डबा आणला नाही तिच्याकडे पाठ फिरवून खातात. ते माझ्या कानाला कधी ऐकू आलं नाही. पण ते ‘दाखवलं पाहिजे’ मला खटकलंही. दाखवायला केलेली नेकी वाया जाते, त्याला रिया म्हणतात, आणि सातवीच्या पुस्तकात त्याच्यावर आख्खा धडा आहे. मौलाना माझ्याकडे झुकले आणि ताई म्हणावं तसं बाजी म्हणत कुजबुजले, ‘बाजी, रियाच्या धड्याचा प्रकल्प कसा करणार?’ आणि आम्ही दोघं तोंडावर हात ठेवून शाळकरी पोरांसारखे हसलो. तेव्हा हसू येत होतं.

मी मुलींना विषय दिला, कुणाला तरी मदत करा. बाकीच्या शाळांत थर्माकोलच्या मशिदी होणार हे दिसतच होतं, दुकानात तयार मिळतात, नुसतं नाव लिहायचं. म्हटलं, आपल्याकडे ते नको. आणि धडा डोक्यात नीट बसावा म्हणून मी वर्गात तुमची गोष्ट सांगितली. फडकं, जिना, चपलेचा पट्टा, ‘तू पाहिलंस की गेलं माझं’, सगळी. हो आपा, सांगितली. जी मी आईला सांगितली नव्हती ती सातवीच्या आख्ख्या वर्गाला सांगितली. तुम्ही रागवाल हे मनात आलं होतं, पण एरवी चिमण्यांसारख्या कलकलणाऱ्या पोरी इतक्या गप्प होऊन ऐकत होत्या की मला थांबवेना.

आणि प्रकल्प काय आले? फोटो! आमच्या शाळेचा वॉचमन आहे, कसाऱ्याकडचा, भला माणूस. निम्म्या वर्गाच्या फोटोंत तोच. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला वॉचमन, मध्ये बिस्किटाचा पुडा. नीट बघितलं तर पुडाही तोच, एक कोपरा चेपलेला. मी खाली जाऊन विचारलं, काय हो, या आठवड्यात बरीच बिस्किटं खाल्लीत? ‘कसली बिस्किटं आपा,’ तो म्हणाला, ‘फोटो झाला की पोरी पुडा परत नेतात. पुढचीला लागतो ना.’ मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग वर येऊन त्याच फोटोंना मार्क दिले. समज चांगली, सहभाग चांगला, मांडणी रंगीत, पुरावा आहे. तक्त्यात कुठे लिहिलंय की पुडा परत नेऊ नये?

आणि मग ती. शेवटच्या बाकावर बसते, सगळ्यांत उंच, कारण वर्गात वयाने मोठी आहे. टायफॉइडने तिचं एक वर्ष गेलं. धाकटी बहीण सहावीत, म्हणजे ही अजून एकदा अडकली की दोघी एका वर्गात. जीभ जड आहे पोरीची. तिचा सबक ऐकताना डस्टर आपटून आपटून माझा हात दुखतो, त्यामुळे नुसत्या वाचनाच्या मार्कांवर ती तरायची नाही. तिने प्रकल्पाची फाइल दिली, वर नाव, आत काही नाही. मी म्हटलं, ‘काय गं, हे काय?’

‘केलाय आपा.’

‘मग लिही की. कुणाला मदत केलीस, काय केलंस.’

ती खाली बघत म्हणाली, ‘सांगितलं की गेलं ना आपा?’

मी म्हटलं, बरं, एखादा फोटो तरी? आणि शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच मला स्वतःची शरम वाटली.

आता तुम्ही म्हणाल, पोर शिकवलेलं शिकली, दे मार्क आणि हो मोकळी. तेवढं सोपं असतं तर काय हवं होतं! तिने खरंच काही केलंय की नुसतीच हुशारी चालवलीय, हे मला कसं कळावं? माझ्याच गोष्टीने आळशी पोरीला आयती पळवाट दिली असेल तर? कोऱ्या फाइलीला मार्क दिले की पुढच्या खेपेला आख्खा वर्ग कोऱ्या फाइली आणणार आणि तोंड वर करून म्हणणार, सांगितलं की गेलं. बरं, खोदून खोदून विचारावं, तर ज्या क्षणी ती सांगेल त्या क्षणी ती माझ्या धड्यात नापास. न विचारावं, तर तक्त्यात नापास. कुठूनही धरा, पोरच बुडते. ती आमच्याच बिल्डिंगच्या मागच्या विंगमध्ये राहते, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची गॅलरी दिसते. म्हटलं, पाळत ठेवावी. एका संध्याकाळी पडद्याआड उभीही राहिले. मग तो चपलेचा पट्टा आठवला आणि पडदा सोडून पोळ्या करायला गेले.

मॅडमकडे गेले. आमच्या मॅडम डोंबिवलीच्या, गणिताच्या, साडीची पिन कधी वाकडी नसते. माझ्यावर जीव आहे त्यांचा, रमजानमध्ये माझ्यासमोर पाण्याची बाटलीसुद्धा उघडत नाहीत. ‘अहो, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता,’ त्या म्हणाल्या. ‘नाव नको सांगू म्हणावं, चेहरा नको, नुसत्या हातांचा फोटो काढ.’ मी म्हटलं, मॅडम, हात तरी कशाला? दाखवायचं नाही हाच तर धडा आहे. त्यांनी पेनचं टोपण लावलं. ‘पटतं हो मला. पण प्रकल्प तपासणारी कमिटी आली की मी काय सांगू? फोटो नाही, सही नाही, तर तुम्ही पाहिलंय म्हणा आणि विषय संपवा. तुमच्यावर कोण अविश्वास दाखवणार आहे?’ त्यांना ते फार साधं वाटत होतं. त्यांच्या लेखी ती एक खूण होती.

मग तिच्या आईला बोलावलं. ती आली ती तणतणतच. ‘आपा, मी हात टेकले हिच्यापुढे. प्रेमाने विचारलं, रागावून विचारलं, हिच्या पप्पांनी विचारलं. एकच धोशा, केलंय. अगं, काय केलंयस मेले ते तरी सांग! आता ही पुन्हा सातवीत बसली तर धाकटीच्या शेजारी बसायचं. ही नाही जायची शाळेत, मी ओळखते ना हिला, घरीच बसेल. तुम्ही विचारा, तुमचं ऐकते.’ मुलगी दारात उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी तिच्याकडे पाठ केली आणि खिडकीकडे तोंड करून विचारलं, ‘केलंस?’ ‘हो आपा,’ ती म्हणाली. तुम्ही तयार केलेला कान लावून ऐकला मी तो हो. जन्मभर बारीकातला बारीक उच्चार पकडला या कानाने. काही कळलं नाही, आपा. जड जिभेचा एक हो, बस्. लाटणं वाजवावं की नाही ते मला समजेना.

त्या दुपारी स्टाफरूममध्ये बसून मी ‘शिक्षकाने स्वतः पाहिले’ यावर खूण केली, खाली सही केली आणि तिला पूर्ण मार्क दिले. खोटी गवाही. पुढच्याच धड्यात मोठ्या गुनाहांची नावं आहेत, त्यात हे अगदी वरती आहे, दरवर्षी मी ते मुलींकडून पाठ करून घेते. सही करताना वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. पोर सुटली, तिची आई सुटली, मॅडम सुटल्या, मी सुटले. येताना नाक्यावरून गरम जिलबी घेऊन आले.

मार्कांचे कागद मुलींच्या हातात पडले तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यावर तो तक्ताही छापलेला असतो, आणि पुराव्यासमोर कुठली खूण आहे तेही. सगळ्या पोरी आपापले मार्क बघून ओरडत होत्या. ती शेवटच्या बाकावर कागद धरून बसलेली, डोळे भरलेले. मला वाटलं, पास झाली म्हणून. शाळा सुटल्यावर ती टेबलापाशी आली. ‘आपा, तुम्ही कधी पाहिलंत?’

मी म्हटलं, ‘काय गं?’

‘तुम्ही स्वतः पाहिलंत असं आहे इथे. खिडकीतून पाहिलंत? मी तर मागच्या जिन्याने जायची. कुणी नसताना जायची.’ आणि तिचा चेहरा तसाच पडला, आपा. तुम्ही पायरीवर फडकं मांडीवर घेऊन बसलात तेव्हा पडला होता, अगदी तसाच. ‘म्हणजे गेलं ना माझं?’ ती म्हणाली.

या अल्ला! म्हणजे तिने केलं होतं. काहीतरी, कुणाचं तरी, मागच्या जिन्याने जाऊन, एक दिवस नाही तर अनेक दिवस. आठवडाभर मी ज्यासाठी तळमळत होते ते माझ्यासमोर उभं राहून रडत होतं. मी पटकन पुस्तकातलं उत्तर दिलं. म्हटलं, बघ पोरी, दुसऱ्याने पाहिलं म्हणून काही जात नाही, आपण दाखवायला केलं तर जातं, निय्यत, मनातला हेतू महत्त्वाचा. खरंच तसं आहे, कुठल्याही मौलानांना विचारा. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘पण तुमच्या आपा तर म्हणाल्या होत्या ना, तू पाहिलंस की गेलं?’ तुम्हाला खोटं पाडू? जिची गोष्ट सांगून वर्ग गप्प केला तिलाच?

मला एकच वाक्य बोलायचं होतं. पोरी, मी काही पाहिलं नाही, मला माहीतच नाही तू कुठे जातेस. जिन्यात मी तुम्हाला म्हटलं होतं तेच. तेव्हाही ते खरं होतं आणि आताही खरं आहे. पण ते बोलले की सही खोटी हे तिला कळणार, मार्क खोटे हेही कळणार. आणि ती असली पोर आहे की सरळ मॅडमकडे जाऊन म्हणेल, मला नापास करा. मी टेबलावरचे कागद आवरायला लागले. तेवढ्यात मॅडम आल्या, ‘काय, पास ना? छान!’ म्हणून तिची पाठ थोपटली, आणि ती गेली. पूर्वी घंटा झाली की ती सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेर असायची. आता दप्तर भरत रेंगाळते. संध्याकाळी गॅलरीत नुसती उभी दिसते. मागच्या जिन्याने जिथे जायची तिथे जाणं तिने सोडलंय असं मला वाटतं. तिथे कोण वाट बघत असेल, म्हातारी असेल, आजारी असेल, मला काय माहीत? आणि विचारू कुणाला?

आणि कमिटीला ते इतकं आवडलं! वॉचमनच्या फोटोंच्या ढिगात एक कोरी फाइल, शिक्षिकेने स्वतः पाहून मार्क दिलेली. ‘हीच खरी असेसमेंट, निरीक्षणातून झालेली,’ असं त्यांच्यातले एकजण म्हणाले, आणि मॅडमनी मला मिठीच मारली. म्हणून उद्याचं भाषण. मी काय पाहिलं, कुठून पाहिलं, मुलीला कळू न देता कसं पाहिलं, हे सगळ्यांना सांगायचं आहे. मौलाना पुढच्या रांगेत बसणार आहेत. ‘बाजी, तुम्हाला जमलं, आता आम्हालाही शिकवा,’ असं त्यांनी फोनवर सांगितलं, आणि थट्टेत नाही, मनापासून. नाही म्हणावं, तर का नाही ते सांगावं लागेल. आजारी पडावं, तर पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवतील. सकाळपासून मी या टेबलाभोवती दावणीला बांधल्यासारखी फिरतेय.

लिहायला घेतलं की डोळ्यांसमोर एकच येतं, निळ्या काठाचं ते फडकं. लपून पाहिलेली नेकी माझ्याकडे तेवढी एकच आहे, आणि तीही अर्धी. ती लिहिली तर भाषण सुंदर होईल, आपा. लोक डोळे पुसतील. मुलीच्या नावावर तुमच्या भाकऱ्या. दोन ओळी लिहूनही झाल्या होत्या, मग फाडून चुलीत घालाव्यात म्हटलं तर घरात चूल कुठे आहे, कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मघाशी तौबा करायला हात उचलले, तर मनापासून होईना. पोर पास झाली याचं वाईट वाटून घ्यायला मन तयारच नाही. ज्याचं वाईट वाटतं ते वेगळंच आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, परत, वरपासून, चूक कुठे आहे ती तू शोध. शोधलीय. खूण केली तिथे लाटणं एकदा वाजलं असतं, मान्य. पण ती म्हणाली ‘गेलं ना माझं’ आणि मी गप्प राहिले, तिथे तुम्ही लाटणं खाली ठेवून वळून बघितलं असतंत.

आत्ता ती गॅलरीत कपडे वाळत घालतेय. खिडकी उघडी आहे, मध्ये फार अंतर नाही, साध्या आवाजात हाक मारली तरी तिला ऐकू जाईल. या कागदांचं काय करायचं ते मला ठाऊक नाही, दूधनाक्याचं तुमचं घर पाडून तिथे कधीच इमारत उभी राहिली. एवढी पानं मी तुम्हाला लिहिली, कारण तुम्ही वळून बघणार नाही. तिला सांगायचं आहे ते एकच वाक्य आहे. मघाशी मी उठले, खिडकीपाशी गेले, तिने वर बघितलं आणि सलाम केला. मी सलाम घेतला आणि परत येऊन इथे बसले.